सहा आकडे पाठव

चाऊ डॉक, व्हिएतनाम
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५, सकाळ

दादा,

आधी अक्षर पाहून घे. ओळ सरळ सुरू होते अन् उजवीकडे जाता जाता खाली घसरते. शाळेत गुरुजी म्हणत, कुंदनच्या वहीत पाणी ओतलं तर वाहून जाईन. असं अक्षर दुसऱ्या कोणाचं नाही. स्वातीवहिनीनं सांगतलं, तू म्हणतो फोनवरच्या आवाजाचा आता भरोसा नाही, मोहाडीच्या एका कापडवाल्याजवळ त्याच्या भाच्याच्या आवाजात कोणीतरी रडलं अन् त्यानं पैसे टाकून दिले. म्हणून हातानं लिहून राहिलो. कागदाचा फोटो काढून वहिनीच्या फोनवर टाकतो. तुह्या फोनवर तर मी सात महिन्यांपासून बंद हाय.

काम एवढुसंच हाय. माह्या कार्डावर परदेशातला वापर बंद हाय. तो चालू कराले मी बँकेच्या साइटवर बटन दाबीन. दाबलं का तुह्या मोबाइलवर बँकेचा मेसेज येईन, त्यात सहा आकडे. ते दहा मिनिटांच्या आत मले पाठव. बस्स. पैसे तुह्याजवळचे मागत नाही. खात्यात माहेच हायेत, राजस्थानात सोलरच्या पाट्या पुसून कमावलेले.

तुहा नंबर कसा काय जोडला, तर तूच आठव. खातं उघडलं तेव्हा मी अकरावीत होतो अन् वर्षात चार सिम हरवले होते. साहेब म्हणाले, घरी टिकणाऱ्या माणसाचा नंबर द्या. बाबांनी लगेच सांगतलं, खेमराजचा टाका. नंतर बदलू बदलू म्हणता राहून गेलं.

बाकी मी मजेत हाय. अडचण काहीच नाही. इथं नदी हाय, आपल्या वैनगंगेच्या तिप्पट रुंद, अन् पाण्यावर लाकडाची घरं. घराच्या खाली जाळीत मासे पाळतात, फळी उचलली का मासे उसळतात. गोसीखुर्दच्या ढिवरांना दाखवलं तर म्हणतीन, आमच्याकडे काहून नाही सुचलं. पलीकडच्या काठाला मागही हाय. एका बाईच्या मागावर मी अर्धा तास बसून आलो. धोटा तसाच, पण आतली सुताची कांडी लहान. तिनं मले हाकललं नाही.

इथं नोटा लाखाच्या राहतात. वीस हजाराची नोट निळी अन् पाच लाखाचीही निळीच. पहिल्याच आठवड्यात नारळपाण्याले वीस हजार समजून मी पाच लाख देऊन आलो. नारळवालीनं दोनदा माह्याकडे पाहिलं, मंग गाडी ढकलत निघून गेली. मले वाटलं, बाई शिस्तीची दिसते. आपले पंधरा-सोळाशे झाले ते.

आज तुमच्या बाराले, म्हणजे इथल्या दीडले, बटन दाबतो. दहा मिनिटं माग थांबव. पुन्हा काही मागणार नाही.

कुंदन


बुधवार, १२ नोव्हेंबर, सकाळ

दादा,

तिन्ही वेळा फुकट गेलं.

पहिल्यांदा तुहा फोन सुताच्या लडीखाली होता अन् तू मागावर. मागाच्या खटक्यात मेसेज ऐकू येत नाही हे मले समजाले पाहिजे होतं. दुसऱ्यांदा वहिनीनं धावत जाऊन पाहिलं, पण आकडे माह्याकडे पोचले तोपर्यंत इकडे वेळ संपली होती. तिसऱ्यांदा मेसेज तुह्या हातात होता. वहिनी म्हणते, तू चष्मा लावला, वाचला, अन् फोन खिशात ठेवून जेवाले बसला. मी इथं फोनवरची वेळ पाहून राहिलो होतो. सात मिनिटं. तीन मिनिटं. मंग शून्य.

आता बँकेनं चोवीस तासांसाठी कुलूप घातलं. आज दुपारपर्यंत काहीच होत नाही.

रात्री वहिनीच्या फोनवरून तू लिहिलेलं आलं. मी ते इथं उतरवतो, म्हणजे तुह्या ध्यानात राहीन तू काय विचारलं: 'अक्षर पाहून कोणीही गिरवू शकते. बाबा गेले त्या दिवशी माह्या भावाचा फोन काहून लागला नाही, ते लिहा. कुंदन असान तर माहीत असंन.'

'लिहा' म्हटलं तू मले. 'असान' म्हटलं. बँकेतल्या माणसाले लिहिल्यासारखं.

तर घे. एप्रिलची अकरा तारीख होती. मी मनालीच्या वर एका धाब्यावर होतो. दोन दिवस आधी बर्फ पडलं, त्यात टॉवर झोपला. रेंजच नव्हती. धाब्यावाल्याचाही फोन बंद, समोरच्या मेकॅनिकचाही बंद. संध्याकाळी खाली आलो तेव्हा वहिनीचा मेसेज दिसला. तिथून निघालो ते तिसऱ्या दिवशी आंधळगावात. हे मी तुले तेव्हाही सांगतलं होतं, तेरवीले साऱ्यांसमोर सांगतलं होतं.

झालं का आता समाधान?

काल मजेत हाय लिहिलं, ते खरं नव्हतं. हॉटेलच्या मालकिणीनं पासपोर्ट ठेवून घेतला. इथं उतरणाऱ्या साऱ्यांचाच ठेवतात, पण माह्यावाला सहा दिवसांच्या भाड्यासाठी अडला. व्हिसा रविवारपर्यंत. रविवार गेला का मी बेकायदा, अन् मालकिणीले पोलिसात कळवा लागते. तिनं मोबाइलवर मराठीत तर्जुमा करून दाखवलं: 'शनिवार नंतर मी मदत करू शकत नाही.' घरून कोणी पैसे पाठवतो म्हटलं तर ते घ्याले पासपोर्ट पाहिजे. आपलं यूपीआयचं स्कॅन करणं इथं माह्या फोनवरून चालत नाही. वकिलातीत जावं तर तीही दूर, सायगॉनले, अन् मले साहेबलोकांचं भ्याव वाटते, तुले माहीत हाय.

तू म्हणशील, डॉलर नेले होते ना?

नेले होते. शंभरच्या चार नोटा अन् थोड्या वीसच्या. नागपूरहून आणल्या तेव्हा आईनं वहिनीले म्हटलं, यंदा आपल्याकडे दिवाळी नाही, बाबाचं वर्ष हाय, पण पोरगा देशाबाहेर जाते, लक्ष्मीले तरी हळदकुंकू लाव. स्वतः तिनं हात लावला नाही, बाजूला उभी राहून वहिनीले सांगत होती. वहिनीनं मोठ्या नोटांना मान दिला, चारही नोटांवर ओल्या बोटानं, ठसठशीत. वीसच्या सुटल्या म्हणून मी आतापर्यंत जेवलो.

शंभरच्या इथं कोणी घेत नाही. डॉलरवर टाचणीचं भोक चालत नाही या लोकांना. सोनाराच्या दुकानातल्या पोरीनं नोट उजेडात धरली अन् चिमटीनं परत दिली. मंग मी शहाणपण केलं. खोलीत साबणानं धुतली. हळदीले साबण लागला का काय होते? लाल. कुंकवाचा डाग होता तेवढा, आता अर्धी नोट लाल झाली. बँकेतल्या माणसानं नोट पाहिली, मंग माहे हात पाहिले, कुठी जखम हाय काय म्हणून.

हे वहिनीवर घालू नको. तिले काय माहीत. धुतली तर मीच.

आज तीन वाजता, तुमच्या दीडले, पुन्हा बटन दाबतो.

कुंदन


गुरुवार, १३ नोव्हेंबर, दुपार

दादा,

काल तुमच्या दीडले अन् पुन्हा दोनले मेसेज तुह्याकडे आला. आकडे आले नाही. वहिनीच्या हातून उत्तर आलं: 'हे तर मयतीले आलेल्या साऱ्या गावाले माहीत हाय. हे कोणीही लिहीन. पुन्हा लिहा.'

पुन्हा काय लिहू? तेच लिहीन ना.

जाऊ दे. आता तुह्या आकड्यांची तेवढी गरजही राहिली नाही, म्हणून रागात नाही लिहीत. एक माणूस भेटला.

काल संध्याकाळी नाश्त्याच्या गाडीजवळ मी वहिनीले आवाज टाकून राहिलो होतो, 'वहिनी, त्याले समजाव ना वं', तर मागून कोणी म्हणे, 'काहून बे, भंडाऱ्याचा काय तू?'

एकोणीस दिवस झाले, कोणाच्या तोंडून 'काहून' ऐकलं नव्हतं.

म्हटलं, 'आंधळगाव.'

'अरे बाप्पा! कोसा रेशीमवाल्यायचं गाव. मी तुमसरचा. खुशाल म्हणतात. चाल, चहा पाज. नाही, तू काय पाजशील, तुहं तोंडच सांगून राहिलं. मीच पाजतो.'

चाळिशीचा असंन. पांढरे बूट, गळ्यात पातळ साखळी, हसरा. त्यानं मले चहा पाजला, भात खाऊ घातला, अन् सारं ऐकून घेतलं. डॉलरचं सांगतलं तर टेबलावर हात आपटून हसला. 'तुह्या घरच्यायनं डॉलरची ओटी भरली बे!' मलेही हासू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

मंग म्हणे, 'सहा आकड्यांसाठी मोठ्या भावाच्या पाया पडाले एवढ्या दूर आला काय? हॉटेलचं मी भरतो.'

'तुमचे परत कसे देऊ?'

'कामातून कटतीन. पलीकडं कंबोडिया, गाडीनं दोन-तीन तास. एसीत बसाचं, कंप्युटरवर. खाणं-राहणं त्यायचं. व्हिसाचं टेन्शन आपलं. महिन्याचे आठशे डॉलर, अन् कोऱ्या नोटा, हळद न लागलेल्या.'

'मी बारावी नापास हाय.'

'तुले मराठी येते ना? हिंदी येते ना? मंग झालं. फोनवर कस्टमरसंगं गोड बोलाचं. आपल्याकडचा पोट्टा पाहिजेच होता त्यायले.'

पासपोर्ट तो स्वतःजवळ ठेवीन, सुरक्षित राहते म्हणे. त्याच्या पिशवीत मी पाहिले, रबर लावलेले सात-आठ पासपोर्ट. एजंट माणूस, असतीलच. शनिवारी अकरा वाजता गाडी येते.

तर हे असं हाय. मी तुले विचारून नाही राहिलो. सांगून राहिलो. आईले सांग नोकरी लागली.

तिकडे धान कापून झाले असतीन ना? इथं अजून शेतात पाणी उभं हाय, एवढं की रस्ता अन् नदी सारखेच दिसतात.

कुंदन


शुक्रवार, १४ नोव्हेंबर, दुपार

दादा,

तुहं काल आलं ते पाच वेळा वाचलं. 'त्या माणसाले म्हणा, त्याच्या हाताखाली गेलेल्या एका पोट्ट्याचा फोन नंबर दे. मी स्वतः बोलतो.' एवढंच. तू अजून मले कुंदन मानत नाही, तरी हे विचारलं.

सकाळी खुशालभाऊले विचारलं. हसतच होता तो. म्हणे, 'नंबर कायचा? तिथं कामावर फोन जमा राहतात.'

'सुटीच्या दिवशी?'

'सुटी कायची बे? सहा महिने मन लावून कराचं.'

'अन् मधातच जमलं नाही तर?'

तेव्हा हसणं थांबलं. म्हणे, 'कुंदन, मी खाली मालकिणीच्या टेबलावर तुह्या नावाचे पैसे ठेवून आलो, पासपोर्ट ती उद्या गाडीच्या वेळी माह्याच हातात देते. आता मी उल्लू बनू काय? भावासंगं लय गोष्टी करू नको. ज्यानं सहा आकडे नाही दिले, तो तुले काय देईन?'

खोलीत येऊन बसलो अन् मंग डोक्यात आलं. मराठी बोलणारा पोट्टा. फोनवर गोड बोलाचं. मोहाडीच्या कापडवाल्याजवळ जो भाचा बनून रडला, तो कुठी बसून रडला असंन? त्याचाही फोन जमा असंन काय? मी त्या माणसाच्या पैशाचा भात खाल्ला. एका 'काहून'वर भुललो.

पळून जावं तर पासपोर्टाविना कुठी जाऊ? खुशाल खाली खुर्ची टाकून बसला हाय. त्याच्यासंगं आता अजून एक जण हाय, तो बोलतच नाही.

उद्या अकरा वाजता गाडी. बँकेचं बटन मी उद्या नऊले दाबीन, तुमच्या साडेसातले. परवाच्या दोन्ही चुका धरून शेवटचीच वेळ हाय, ही गेली का पुन्हा कुलूप चोवीस तास, अन् तोपर्यंत गाडी निघून गेली राहीन. म्हणून आता तुह्या प्रश्नाचं उत्तर लिहितो. हे लिहिलं तर तू आकडे देणारच नाही असं मले वाटते. पण न लिहिलं तरी तू देत नाही.

वहिनी, हे आईले वाचून दाखवू नको. किंवा दाखव. मले समजत नाही.

टॉवर झोपला नव्हता. रेंज होती.

अकरा एप्रिलले सकाळी सहाले तुहा पहिला फोन आला. मी उठलेलो होतो, परातीत कणीक मळत होतो. स्क्रीनवर 'दादा' आलं. मले वाटलं, झालं सुरू. त्याच्या आधीचे पंधरा दिवस तू रोज एकच म्हणत होता, बाबाच्यानं आता बसवत नाही, ऑर्डर अडली, ये अन् मागावर बस. मी उद्या येतो, परवा येतो करत होतो. तर म्हटलं, वाजू दे. मंग सातले. मंग लागोपाठ. मी मोजत नव्हतो, पण नंतर मोजले, तेवीस. फोन पालथा करून पिठाच्या डब्यावर ठेवला. तो डब्यावर थरथरत सरकत होता, अन् धाब्याचा मालक म्हणे, 'किसका है?' मी म्हटलं, 'कंपनीवाले हैं.'

दादा, मी तुले कंपनीवाला म्हटलं.

मंग मी नदीवर गेलो. शहरातले लोक रबराच्या नावेत बसून ओरडत जात होते, ते पाहाले. चार तास पाहत बसलो. फोन डब्यावरच होता. तिकडे आई बाबाले उचलू देत नव्हती, लहाना येईपर्यंत थांबा म्हणत होती. पाच वाजेपर्यंत तिनं थांबवलं, हे मले नंतर समजलं. म्हणजे मी नावा पाहत होतो तेव्हा अंगणात लोक बसून होते, अन् तू फोन लावत होता.

पहिलाच उचलला असता तरी बाबा भेटले नसते, माहीत हाय. विमानानं आलो असतो तरी पाचच्या आत पोचलो नसतो. पण तू एकदा बोलला असता. आईले सांगता आलं असतं, तो येऊन राहिला, किंवा नाही येत, उचला. तेवढंही मी होऊ दिलं नाही.

बर्फाची गोष्ट मी येतानाच्या गाडीत जमवली. अंबाल्यापासून नागपूरपर्यंत. मेकॅनिकचा फोनही बंद होता हे इटारसीजवळ सुचलं.

हे फक्त मलेच माहीत हाय. दुसरा कोणीही लिहू शकत नाही. आता तू ठरव.

कुंदन


शनिवार, १५ नोव्हेंबर, सायगॉनच्या बसमध्ये

दादा,

बस हलते, त्यात माही ओळ. समजून वाच. तू बोलला तेव्हा मी नीट उत्तर देऊ शकलो नाही, म्हणून लिहितो.

नऊ वाजून दोन मिनिटांनी वहिनीच्या नंबरवरून फोन आला. मले वाटलं, वहिनी. तुहा आवाज आला. 'लिहून घे.'

'दादा...'

'लिहून घे म्हटलं ना.'

सहा आकडे सांगतले. मंग पुन्हा सांगतले, हळू, ताण्याचे धागे मोजताना बोलतो तसे. मी हातावर लिहिले, कारण कागद समोर असून दिसला नाही. टाकले. झालं चालू. 'झालं,' म्हटलं.

फोन तू ठेवला नाही. मागाचा आवाज येत नव्हता. मंग तू म्हणाला, 'रिंग वाजत होती.'

मले आधी समजलंच नाही.

'रेंज नसली तर बाई बोलते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर म्हणून. तुही पूर्ण रिंग वाजत होती. तेवीसही वेळा. मले तेव्हाच समजलं होतं, पोरगा पाहून राहिला अन् उचलत नाही.'

म्हणजे तेरवीले मी बर्फ, टॉवर, मेकॅनिक सांगत होतो, ते तू सारं ऐकत उभा होता, माहीत असून. सात महिने तू कोणाले म्हटलं नाही. आईलेही नाही. मी म्हणत होतो, दादा उगाच अकडून राहिला.

खाली काय झालं ते सांगतो, नाहीतर वहिनीच्या जिवाले घोर. मागच्या जिन्यानं उतरलो, कोपऱ्यावरच्या एटीएमवर गेलो. पहिल्यांदा मशीननं नाही म्हटलं. मी रक्कम जास्त टाकली होती, शून्यं मोजता मोजता एक वाढलं. दुसऱ्यांदा नोटा आल्या. पाच लाखाच्या, निळ्या. सरळ मालकिणीच्या टेबलावर ठेवल्या. तिनं माह्या मोजल्या, अन् दराजातून खुशालचे पैसे काढून त्याच्यासमोर सरकवले. त्यानं हात नाही लावला. तिच्या भाषेत काहीतरी जोरात बोलला, माह्या पासपोर्टकडे बोट दाखवून. ती साठीची बाई, खांद्याएवढी. तिनं पासपोर्ट उघडला, फोटो माह्या तोंडाजवळ धरला, एकदा फोटो पाहिला, एकदा मले. मंग माह्या हातात दिला, त्याच्या नाही.

खुशाल माह्यामागं दारापर्यंत आला. मराठीतच म्हणाला, 'गाव माहीत हाय तुहं. आंधळगाव.' न बोलणारा दारात आडवा उभा होता. मालकिणीनं टेलिफोन उचलून कानाले लावला अन् त्याच्याकडे पाहत राहिली. तो बाजूला झाला. मी धावलो नाही. बसमध्ये डोकं गुडघ्यात घालून बसलो, तेव्हा शेजारच्या माणसानं मले पिशवी दिली, उलटी होते समजून.

त्या रबरातल्या पासपोर्टांवर कोणाचे फोटो होते, पाहाले पाहिजे होते. एखादं तरी नाव. कोणाचा तरी भाऊ असंन. सायगॉनले आधी वकिलातीत जातो अन् खुशालचं सारं सांगतो, भ्याव वाटलं तरी. सुटीच्या दिवशीही कोणीतरी असंनच.

रविवारचं कोलकात्याचं तिकीट फोनवरच काढलं, कार्डानं. मंग हावड्याहून गाडी. मंगळवारी तुमसर रोडले उतरतो.

आता तू फोन ठेवण्याआधी जे म्हणाला त्याचं. 'पैसे काढ. त्या गाडीत बसू नको. कुठी जायचं तिथं जा. पण आंधळगावले येऊ नको. माह्यानं तुहं तोंड पाहवत नाही.' मी 'बरं' म्हटलं. ते चुकीचं म्हटलं. सवय हाय.

आजवर कोणी मले 'जा' म्हटलं का आतून बरंच वाटत होतं. जाले निमित्त भेटत होतं. तूही तेरवीले म्हटलं अन् मी पासपोर्टाचा फॉर्म भरला. पोलिसवाला घरी चौकशीले आला तेव्हा तू मागावरून उठला नाही, तरी त्याले म्हणाला, 'हो, माहा भाऊ हाय.' हे मी त्या वेळी ऐकलं नाही असं केलं.

आता मी येऊन राहिलो. माफ कर म्हणाले नाही येत, ते तुले जमत नसंन तर नको करू. आईले काय सांगायचं ते मी सांगीन, माह्या तोंडानं, तुह्यासमोर. ती मारीन, रडीन, बोलणं सोडीन, जे होईन ते. तुले ओझं एकट्याले वागवाले लावलं, तेवढं मी घेतो.

तू दार लावून घेशील तर मी बाहेर ओट्यावर बसतो. कांड्या भराले दिल्या तर कांड्या भरतो. नाही दिल्या तर नुसता बसतो. लोक विचारतीन तेव्हा तुले जे सांगायचं ते सांग, मी मधात बोलणार नाही. वहिनीले म्हणावं, माह्या वाटचा भात टाकू नको. टाकला नाही तर मी मागणार नाही, अन् उठून जाणारही नाही.

कुंदन